मूळचे कुठले?

एखादा कलावंत मनापासून आवडला की मराठी माणसाला पहिली काळजी लागते ती तो मूळचा कुठला याची. अब्दुल करीम खाँ कैरान्याचे, पण मिरजेत जाऊन तसं बोलून बघा. भीमसेनअण्णा गदगचे, हे पुण्यात फक्त परीक्षेत गुण मिळवण्यापुरतं मान्य आहे. ही सवय आपल्या गाण्यापुरती राहिली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं. आमच्या मंडळात ती जॅझला लागली आहे.

मंडळ म्हणजे नोंदणी, अध्यक्ष, वर्गणी असलं काही नाही. महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी दादरला एका दंतवैद्यांच्या घरी आम्ही पाच-सहा जण जमतो. प्रत्येकाने आपली आवडती तबकडी आणायची, ती लावायची आणि ऐकून झाल्यावर तिच्याबद्दल बोलायचं, असा नियम आहे. त्यातलं 'ऐकून झाल्यावर' पहिल्याच बैठकीत गळालं. बोलायचं तेवढं शिल्लक आहे.

मी जॅझपर्यंत पोचले ती वडिलांच्या रेडिओमुळे. रात्री घर झोपलं की ते शॉर्टवेव्हवर व्हॉइस ऑफ अमेरिकेचा जॅझचा कार्यक्रम लावायचे. निवेदक विलिस कोनोव्हर. खर्जातला आवाज, आणि जगभरच्या कच्च्या इंग्रजीवाल्यांनाही कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करून, सावकाश बोलणं. परिणाम असा झाला की थेलोनियस मंक आणि डिझी गिलेस्पी ही नावं मला बिनचूक उच्चारता यायची, पण शाळेतल्या इंग्रजीच्या बाई काय म्हणतात ते कळायचं नाही. सोलो ऐन रंगात आला की स्टेशन सरकायचं आणि मधेच कुठल्या तरी देशाच्या गव्हाच्या उत्पादनाची बातमी घुसायची. आजही काही सोलो ऐकताना मला ठरावीक जागी गहू आठवतो.

इतकी पूर्वतयारी करून मंडळात गेले, तर दारातच निवृत्त स्टेशनमास्तरांनी विचारलं, "मिस्टर येतायत ना मागून?" मिस्टर घरी क्रिकेट बघत होते. मी एकटीच ऐकायला आलेय हे पचनी पडायला मंडळींना एक चहा लागला. मी बरोबर एला फिट्झजेराल्डची बर्लिनची तबकडी नेली होती. 1960 सालची मैफल. 'मॅक द नाइफ' गाताना एला मध्येच शब्द विसरली, पण न थांबता तिथल्या तिथे नवे शब्द जुळवून गात सुटली; विसरल्याचंही गाण्यातच सांगून टाकलं, आणि त्याच गाण्याला ग्रॅमी मिळालं. तबकडी माझी, कव्हर माझ्या हातात, तरी ही हकिगत मला तिघांनी आळीपाळीने समजावून सांगितली. मग या नवशिक्या वहिनींना काहीतरी सोपं ऐकवावं असं ठरलं. सोपं म्हणजे माइल्स डेव्हिसचं 'काइंड ऑफ ब्लू'.

दंतवैद्यांचा तबकडी लावण्याचा विधी बघण्यासारखा असतो. आधी हात धुणार. मग तबकडी कडेला धरून दिव्याखाली तिरकी करणार, बारीक केसांच्या ब्रशने खाचेखाचेतून धूळ काढणार, फुंकर मात्र चुकूनही मारणार नाहीत. दाताला इतका वेळ देत नाहीत असं त्यांचे पेशंट म्हणतात. तोवर स्टेशनमास्तरांची घोषणा सुरू झालेली असते. "दोन मार्च एकोणीसशे एकोणसाठ. न्यूयॉर्क, थर्टीएथ स्ट्रीट, कोलंबियाचा स्टुडिओ. आधी तिथं चर्च होतं. ट्रंपेट माइल्स डेव्हिस, टेनर कोल्ट्रेन, आल्टो कॅननबॉल ॲडरली, पियानो बिल एव्हान्स, पण 'फ्रेडी फ्रीलोडर'ला पियानोवर विंटन केली…" इथे केली चढतात, एव्हान्स उतरतात, हे ते हाताने दाखवतात.

त्यांना सर्वात प्रिय आहे ती या तबकडीच्या पट्टीची भानगड. त्या दिवशी स्टुडिओतलं मुख्य टेपमशीन किंचित हळू फिरत होतं. हळू फिरणाऱ्या मशीनवर भरलेलं संगीत बरोबर वेगाने वाजवलं की पट्टी चढणार, हे उघड आहे. पहिल्या बाजूची तिन्ही गाणी अशी चढ्या पट्टीतच जगभर विकली गेली. शेजारी खबरदारी म्हणून दुसरं मशीन चालू होतं, त्याची चाल बरोबर होती. त्या टेपवरून दुरुस्ती झाली ती 1992 साली. "म्हणजे बघा," स्टेशनमास्तर दोन्ही हात पसरतात, "तेहतीस वर्षं गाडी वेळेच्या आधी स्टेशनात शिरत होती आणि एका प्रवाशाची तक्रार नाही!"

यावर मंडळातले तबलजी दर वेळी म्हणतात की त्यांना ती पट्टी पहिल्यापासूनच चढी वाटायची. मग बाकीच्यांनाही आठवतं की आपल्यालाही वाटायची. दंतवैद्यांकडे अर्थात जुनी, चढलेलीच तबकडी आहे आणि दुरुस्त केलेली ते घरात घेत नाहीत. "माझा माइल्स याच पट्टीत वाजवतो," म्हणतात. एखाद्या रसिकाने आपल्या बुवांच्या काळी चारसाठी भांडावं तसं हे चालतं, आणि भांडणात सुई पहिल्या बाजूच्या शेवटाला जाऊन उचललीही जाते.

तबलजी महापालिकेतून निवृत्त झालेले. जन्मभर पाणीपट्टीची बिलं तपासली, आता मात्रा तपासतात. जॅझमध्ये त्यांना गोडी लागली ती डेव्ह ब्रुबेकच्या चौकडीच्या 'टेक फाइव्ह'ने. पॉल डेझ्मंडची रचना, पाच मात्रांची. तबलजींनी ती पहिल्यांदा ऐकली आणि जाहीर केलं की हा झपताल आहे. मी म्हटलं, झपताल दोन-तीन-दोन-तीन जातो, हे तर तीन-दोन, तीन-दोन चाललंय. त्यांनी डोळे मिटले, अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत तीन-चार आवर्तनं मोजली, एकदा मान नकारार्थी हलली, एकदा होकारार्थी. मग डोळे उघडून म्हणाले, "बरोबर आहे. तिकडे गाड्याही रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात."

याच ब्रुबेकवर मंडळाचा एक सामुदायिक राग आहे. 1958 साली अमेरिकी सरकारने त्याला जगाच्या दौऱ्यावर पाठवलं, त्यात तो मुंबईलाही वाजवून गेला. परत जाऊन त्याने दौऱ्याच्या आठवणींची तबकडी काढली. तीत काय आहे? 'कलकत्ता ब्लूज'! मुंबईचा उल्लेख नाही. पाच वर्षांनी, 1963 मध्ये, ड्यूक एलिंग्टन तशाच सरकारी दौऱ्यावर आपला अख्खा वाद्यवृंद घेऊन आला. त्यातून पुढे 'फार ईस्ट स्वीट' झाली. तीत दिल्लीची मैना आहे, आग्रा आहे, इराणचं इस्फहान आहे. यातलं पूर्वेला इतकं दूर कुठलं, हा भूगोलाचा प्रश्न बाजूला ठेवू, पण मुंबई? मुंबईला पुन्हा ठेंगा. "थांबा होता," स्टेशनमास्तर कडवटपणे म्हणाले, "पण वेळापत्रकात नाव नाही."

त्यातून मला एक दुर्बुद्धी सुचली आणि मी सांगून टाकलं की 'इस्फहान' ही चाल बिली स्ट्रेहॉर्नने दौऱ्याआधीच केली होती, वेगळ्या नावाने. शहराचं नाव मागाहून चिकटवलं. झालं! म्हणजे नाव कुठलंही चाललं असतं. मग इस्फहानच का, चिंचपोकळी का नाही? या विषयावर त्या संध्याकाळी जो ऊहापोह झाला त्यात माटुंगा, गिरगाव आणि (यजमानांच्या भिडेखातर) दादर पश्चिम यांच्या बाजूने भाषणं झाली. शेवटी दंतवैद्यांच्या पत्नी आतून म्हणाल्या, "अहो, आधी लावा तरी ती!"

लावली. जॉनी हॉजेसचा आल्टो सॅक्सोफोन. तो सूर धरतो आणि पुढच्या सुरावर जाताना मधल्या वाटेत कुठेही पाय टेकवत नाही, नुसता ओघळतो. त्यात पुन्हा घाई नाही, पुढे काय आहे ते दाखवायची हौस नाही. मागे वाद्यवृंद इतक्या अदबीने हलतो की तो आहे हे तो थांबल्यावर कळतं. चारेक मिनिटांची ती रचना चालू असताना तबलजींचा अंगठा पहिल्या पेरावर होता तिथेच राहिला. संपल्यावर कुणीतरी हळूच "मींड…" एवढंच म्हणालं. मंडळाच्या इतिहासात सलग चार मिनिटं कुणी न बोलल्याची ही एकमेव नोंद आहे आणि तीसुद्धा स्टेशनमास्तरांच्या वहीत आहे.

वही महत्त्वाची. लांब, लाल पाठीची, सरकारी वळणाची. तीत प्रत्येक तबकडीला अनुक्रमांक, तारीख, गाव, वादक आणि शेवटी शेरा. शेऱ्यात 'उत्तम' फारसं सापडत नाही. 'ठीक, पण 1957चं यापेक्षा बरं' अशा धाटणीचं बरंच सापडतं. या माणसाने आजवर कुठलीही गोष्ट तिच्या स्वतःच्या सालात ऐकलेली नाही.

आमच्यात पवईला राहणारे एक इंजिनिअर आहेत. त्यांच्या स्पीकरच्या तारेची किंमत ऐकून मी एकदा पाणी मागितलं होतं. त्यांचा देव सनी रोलिन्स. का, तर रोलिन्स पवईला राहिलेला आहे. हे खरं आहे. 1959 साली, नाव ऐन जोरात असताना, या माणसाने जाहीर वादन बंद केलं आणि 1961 पर्यंत न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर उभा राहून रियाझ करत राहिला, कारण घरी वाजवलं तर शेजाऱ्यांना त्रास. (आमच्या सोसायटीत हे वाचून दाखवावं असं मला फार वाटतं. वरच्या मजल्यावर सिंथेसायझर आहे आणि जवळपास पूल नाही.) पुढे साठच्या दशकाच्या शेवटाला त्याने पुन्हा एकदा सगळं सोडलं आणि थेट पवईच्या आश्रमात येऊन काही महिने योग आणि वेदान्त शिकला. सॅक्सोफोन बरोबर होताच. इंजिनिअरसाहेब पवईला फ्लॅट घेऊन आले ते त्यानंतर कैक वर्षांनी, पण बोलण्यात सूर असा की दोघांची भाजी एकाच गाडीवरून यायची. रोलिन्सच्या फुंकीतला तो लांब दम पवईच्या तलावाकाठच्या हवेतला आहे, अशी त्यांची उपपत्ती आहे. मी त्यांना एवढंच विचारलं की ती हवा तुम्हीही घेता, मग दोन जिने चढून आल्यावर असं का होतं?

रोलिन्स पुन्हा आला तो 1978 साली, पहिल्या जॅझ यात्रेत वाजवायला. धोबी तलावाचं रंगभवन, वर आभाळ उघडं. त्या मैफलीला मी हजर होतो असं सांगणारे लोक आजवर मला इतके भेटलेत की रंगभवनात ते मावले कसे आणि तिकिटं काढून आलेले कुठे बसले, हा प्रश्न पडतो. आमच्या मंडळातले सगळे होते. इंजिनिअरसाहेबही होते, त्या वर्षी ते तिसरीत असावेत.

पण मूळ गाव शोधण्याच्या कलेत वांद्र्याच्या अंकलचा हात धरणारं कुणी नाही. अंकल गोव्याचे, बारदेशातल्या मयड्याचे. तरुणपणी सिनेमाच्या वाद्यवृंदात ट्रंपेट वाजवायचे, आता दात बदलल्यापासून वाजवत नाहीत. (दंतवैद्यांची आणि त्यांची ओळख तिथलीच.) ते एकदा 'एलिंग्टन ॲट न्यूपोर्ट' घेऊन आले. जुलै 1956 ची ती रात्र जॅझवाल्यांना तोंडपाठ असते. एलिंग्टनचे दिवस तेव्हा उतरणीला लागलेले, लोक घरी निघालेले, आणि 1937 सालच्या एका जुन्या रचनेच्या मध्यात टेनर सॅक्सोफोनवाला पॉल गोन्साल्विस उभा राहिला. सत्तावीस आवर्तनं! प्रेक्षकांतली एक बाई उठून नाचायला लागली, मग सगळं मैदान उभं राहिलं, आणि एलिंग्टनचा पुन्हा उदय झाला. गंमत अशी की गोन्साल्विस वाजवत होता ते कोलंबिया कंपनीच्या माइकमध्ये नाही, तर शेजारच्या व्हॉइस ऑफ अमेरिकेच्या माइकमध्ये. त्यामुळे कंपनीच्या तबकडीवर त्याचा सोलो शेजारच्या बिऱ्हाडातून आल्यासारखा ऐकू येतो. दोन्हीकडच्या टेपा जुळवून नीट आवृत्ती निघाली ती 1999 साली.

हे सगळं मी सांगत होते, अंकल ऐकत होते, आणि शेवटी म्हणाले, "ते सगळं राहू दे गो बाय. गोन्साल्विस. आमचो."

इंजिनिअरसाहेबांनी लगेच फोन काढला. जन्म मॅसॅच्युसेट्स, ब्रॉक्टन. आईवडील मूळचे केप व्हर्ड बेटांवरचे. आफ्रिकेच्या पश्चिमेला. आता अंकल गप्प बसतील असं वाटलं. अंकलनी भजीचा तुकडा चटणीत बुडवला. "वास्को द गामा कुठल्या वाटेने आला? पोर्तुगालहून निघाला, केप व्हर्डला थांबला, मग पुढे. बोटीवर दोन भाऊ. एकाला बोट लागली, तो तिथे उतरला. दुसरा गोव्याला आला." गामा 1497 मध्ये त्या बेटांना खरोखरच थांबला होता, त्यामुळे आम्हाला बोलायला जागा उरली नाही. स्टेशनमास्तरांना तर हे ताबडतोब पटलं. "जंक्शन आहे ते," म्हणाले.

तेव्हापासून अंकलना रान मोकळं झालं. पियानोवाला होरेस सिल्व्हर हा मूळचा सिल्वा, बाप केप व्हर्डचा, हे त्यांना कुणीतरी सांगितलं. त्याच्या 'साँग फॉर माय फादर'च्या कव्हरवर त्या बापाचाच फोटो आहे; डोक्याला हॅट, तोंडात चिरूट. अंकलनी ते कव्हर चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ न्याहाळलं. "याला मी शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात बघितलाय. चोरिस घेत होता."

अशा मंडळींची एकदा परीक्षा घ्यावी असं माझ्या मनात होतं. जॅझच्या जगात ही जुनी रीत आहे. लेनर्ड फेदर हा समीक्षक नामवंत वादकांना नाव न सांगता तबकड्या ऐकवायचा आणि मत विचारायचा. रॉय एल्ड्रिज या मोठ्या ट्रंपेटवाल्याने एकदा पैज मारली की वाजवणारा काळा की गोरा हे मी नुसतं ऐकून ओळखेन, आणि तो सपशेल आपटला. तर मी एक पेन ड्राइव्ह नेला. पेन ड्राइव्ह बघून दंतवैद्य अस्वस्थ झाले. घासायला काहीच नव्हतं.

बटण दाबलं. जुन्या तबकडीवरून उतरवलेलं, खरखर भरपूर. झुलता ठेका, आणि त्यावर चढून आलेलं दमदार, थोडं खरबरीत ट्रंपेट. स्टेशनमास्तरांनी पहिल्या आठ मात्रांतच हात वर केला. "आर्मस्ट्राँग. एकोणीसशे तीसच्या आगेमागे. शिकागो." इंजिनिअरसाहेब म्हणाले, शिकागो कसलं, खोलीचा घुमारा ऐका, हे न्यूयॉर्क. तबलजींनी ड्रमवाला न्यू ऑर्लीन्सचा ठरवला, कारण तो समेवर येताना जरा रेंगाळतो. दंतवैद्य म्हणाले, पेन ड्राइव्हवर काहीच सांगता येत नाही. अंकल बोलत नव्हते. त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गुडघ्यावर पडत-उठत होती, ट्रंपेटच्या कळा दाबाव्यात तशी, आणि प्रत्येक जागी सुराच्या केसभर आधी.

संपल्यावर मी सांगितलं. ध्वनिमुद्रण मुंबई. चाळीसचं दशक. ट्रंपेट चिक चॉकलेट, खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ. त्याला मुंबईचा आर्मस्ट्राँगच म्हणत. सी. रामचंद्रांचा हा सहायक. 1951 च्या 'अलबेला'त तर आपल्या बँडसकट पडद्यावर दिसतो, आणि तुम्ही सगळ्यांनी तो सिनेमा बघितलाय. म्हणजे ज्याला आत्ता शिकागो-न्यूयॉर्कला धाडलं, तो पुणतांब्याच्या चितळकरांकडे कामाला होता.

क्षणभर शांतता. मग एकदम कोलाहल. अहो, मी म्हणणारच होतो. त्या ठेक्यात लावणीची झाक आहेच. 'कलकत्ता ब्लूज' म्हणे, आता म्हणावं त्या ब्रुबेकला! स्टेशनमास्तर वहीत अनुक्रमांक घालून थांबले, पेन वर धरलं, आणि मंडळाचा सनातन प्रश्न विचारला, "मूळचे कुठले?"

"हळदोणें," मी म्हणाले. "बारदेश."

सगळे अंकलकडे वळले. ज्याने ब्रॉक्टनचा गोन्साल्विस घरात घेतला, होरेस सिल्व्हरच्या बापाला चोरिस घेताना बघितलं, त्याला आज शेजारच्या गावचा, शंभर नंबरी गोंयकार मिळाला होता. दंतवैद्यांनी तर टाळी द्यायला हात पुढे केला.

अंकलनी रुमालाने एकेक बोट पुसलं.

"हळदोण्याचो," ते म्हणाले. "म्हणजे बाहेरचो."

"अहो, पण तुमच्या गावाला लागूनच ना ते?"

"लागून आहे म्हणून तर सांगतो. त्यांचं आमचं कधी जमलेलं नाही." मग पुढे झुकून, "चिक बरा होता. नाही म्हणत नाही. पण आमच्या मयड्यात एक होता, फेस्ताला वाजवायचा. त्याच्यापुढे हा चिक म्हणजे काहीच नाही."

"त्याची रेकॉर्ड?" इंजिनिअरसाहेबांनी फोन उचलला.

"रेकॉर्ड कशाला करील? तो बोटीवर गेला. खलाशी."

स्टेशनमास्तरांनी नवीन ओळ आखली. अनुक्रमांक घातला. "ध्वनिमुद्रण: नाही" असं लिहून खाली रेघ मारली आणि अदबीने विचारलं, "साल काय टाकू?"

"साल कुठलंही टाक," अंकल म्हणाले. "पण नाव चिकच्या वर लिही."